डॉसवर मागं गाणं वाजतं, राजेहो!

खामलाकर४८६: काल इथं एकानं जुन्या पीसीच्या डॉस सिस्टिमबद्दल लिहिलं, ‘डॉस एका वेळी एकच काम करतो. गाणी ऐकायची तर शेजारी मोबाईल ठेवा, म्हाताऱ्या मशीनला छळू नका.’ रात्रभर डोकं फिरलं. काहून छळ बे? टीएसआर प्रोग्राम, म्हणजे मेमरीत मागं बसून राहणारा, टायमर इंटरप्टला (मशीनच्या घड्याळाच्या ठोक्याला) लटकतो, अन् तो ठोका सेकंदाला १८.२ वेळा येतोच. दर ठोक्याला ॲडलिब साउंड कार्डाच्या चिपला पुढचा सूर सांगायचा अन् परत फिरायचं. ९ चॅनेल चिप सांभाळते, प्रोसेसरला घामही फुटत नाही. वेग कमी वाटला तर टायमर जोरात पळवायचा, फक्त घड्याळ चालवणाऱ्या जुन्या हँडलरला हिशोबानं, म्हणजे पहिल्याच वेगानं, हाक मारायची. मी एकदा विसरलो, तर अर्ध्या तासात मशीनच्या घड्याळात संध्याकाळ झाली. जीडब्ल्यू-बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत तर सूर वाजवणाऱ्या प्ले कमांडला एमबी (म्युझिक बॅकग्राउंड) लावलं की झालं.

तर्रीपोहे: ते मीच लिहिलं होतं. एमबीत ३२ सूर मावतात, पुढचा टाकला की प्रोग्राम जागा रिकामी व्हायची वाट पाहतो. याला मागं वाजणं म्हणता? ४८६ प्रोसेसरवर एमपीथ्री लावा, वर्डस्टार (टायपिंगचा प्रोग्राम) उघडा, मग बोलू.

खामलाकर४८६: एमपीथ्रीचं नाव मी काढलंच नव्हतं.

महालवाले: मे महिन्यात, ४५ डिग्रीत, कूलरच्या घरघरीत ॲडलिब ऐकू तरी येतं का?

बर्डीवरचा: कूलरवरून आठवलं, मशीन त्याच्यासमोर ठेवूच नका. ओलसर हवेनं माझ्या साउंड ब्लास्टर कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडल्या.

महालवाले: खोडरबरानं घासा.

बर्डीवरचा: म्हणजे उरलासुरला मुलामाही जाईल! स्पिरिट अन् कापूस.

महालवाले: तीस वर्षं खोडरबरच वापरून राहिलो. तू मला शिकवू नको.

बर्डीवरचा: म्हणूनच तुमची कार्डं मुकी आहेत.

इतवारीकर: दोघंही थांबा. १९९६ मध्ये एका दुकानदारानं माझं कार्ड ‘उडालं’ म्हणून नवीन गळ्यात मारलं. जुनं माळ्यावर टाकलं होतं. परवा काढलं, तर आयआरक्यूचा (कार्ड ज्या नंबरवरून प्रोसेसरला हाक मारतं त्याचा) जंपर, म्हणजे पिनांवरची टोपी, ७ वर! ७ प्रिंटरचा. ५ वर सरकवला, डॉसच्या सेटिंगमधल्या ब्लास्टरच्या ओळीत आय५ लिहिलं, वाजलं. ना खोडरबर, ना स्पिरिट.

तर्रीपोहे: वा, म्हणजे एक गाणं ऐकायला जंपर, स्पिरिट अन् माळा. माझा मोबाईल नुसता चालू होतो. तरी चिपवाली गोष्ट मानली, टाळ्या वाजवा. पण टीएसआर डॉसच्या ६४० केबी मेमरीतलीच जागा खातो ना?

खामलाकर४८६: ईएमएम३८६ अन् लोडहाय, या डॉसच्याच सोयींनी तो ६४० केबीच्या वर बसतो. तेही नको तर ऑडिओ सीडी लावा. ड्राइव्हपासून कार्डापर्यंत एक बारीक वायर, प्रोसेसरला पत्ताही नाही.

तर्रीपोहे: मग डॉस कुठं वाजवून राहिला? ड्राइव्ह वाजवते! माझा मोबाईलही तसाच शेजारी वाजतो.

खामलाकर४८६: …सीडीचं मागं घेतो. फक्त सीडीचं.

महालवाले: कूलर बाजूच्या खोलीत हलवला. बायको थंड हवेत, मी अन् ४८६ घामात. ॲडलिब ऐकू येतं, बरं का.