फ्यूजरच्या फिल्मला आतून चरे पडत आहेत. कोणते ग्रीस वापरावे आणि किती?

दुरुस्तीवाला_२१ यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे देखभालीसाठी असलेल्या एकाच मॉडेलच्या दोन लेसर प्रिंटरमध्ये सारखीच तक्रार सुरू झाली आहे. यंत्र थंड असताना पहिली आठ-दहा पाने छापताना फ्यूजरमधून (कागदावरची शाईची भुकटी, म्हणजे टोनर, वितळवून पक्की करणाऱ्या भागातून), ओल्या फरशीवर रबरी तळवा घासावा तसा आवाज येतो आणि यंत्र तापले की तो थांबतो. फ्यूजर उघडल्यावर फिल्मच्या, म्हणजे हीटरभोवती फिरणाऱ्या पातळ नळीसारख्या पडद्याच्या, आतल्या बाजूस कॉफीच्या रंगाचा घट्ट लगदा जमलेला आढळला. पहिल्या यंत्रात तर डाव्या टोकापासून दोन बोटे अंतरावर, आतून पूर्ण वेढा घेणारा एक बारीक चराही होता.

त्या यंत्रातला लगदा पुसून मी त्यात हाताशी असलेले पांढरे सिलिकॉन ग्रीस सढळ हाताने भरले. डबीवर २०० अंश सेल्सिअसपर्यंत चालेल असे लिहिले होते. दोन दिवस आवाज अजिबात आला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र कागद फ्यूजरच्या तोंडाशी पंख्यासारख्या घड्या पडून अडकू लागला. घर्षण कमी केल्यावर कागद अधिक सहज सरकायला हवा होता, तो अडकला कसा? दुसऱ्या यंत्राला अजून हात लावलेला नाही.

उष्णचक्र यांचे उत्तर

आपल्या शेवटच्या प्रश्नातच सगळ्याचे मूळ आहे, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करतो. या प्रकारच्या फ्यूजरमध्ये फिल्मला मोटर फिरवत नाही. मोटर खालच्या प्रेशर रोलरला फिरवते, रोलर कागदाला ओढतो आणि कागदाच्या पकडीने फिल्म त्याच्यासोबत फिरते. आतला चपटा सिरॅमिक हीटर मात्र जागचा हलत नाही आणि फिल्म त्याच्यावरून घासत जाते. म्हणजे एकाच पातळ पडद्याच्या दोन बाजूंना दोन विरुद्ध अपेक्षा आहेत. आतल्या बाजूचे घर्षण जितके कमी तितके चांगले, आणि बाहेरच्या बाजूचे घर्षण टिकलेच पाहिजे. आतला अडसर बाहेरच्या पकडीपेक्षा मोठा झाला की फिल्म थबकते, मागून कागद येतच राहतो आणि त्याला घड्या पडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आपण भरलेले जास्तीचे ग्रीस तापून पातळ झाले, फिल्मच्या दोन्ही टोकांतून बाहेर आले आणि प्रेशर रोलरवर पसरले, असा माझा अंदाज आहे. आतले घर्षण कमी झाले हे खरे, पण बाहेरची पकडही गेली. त्यातच प्रेशर रोलरचे अंग बहुधा सिलिकॉन रबराचे असते आणि सिलिकॉन तेल त्यात मुरून ते फुगवते. रोलरच्या टोकांचा व्यास मधल्या भागापेक्षा वाढलेला दिसल्यास तो रोलर वाचणार नाही.

या जागी परफ्ल्युरोपॉलिईथर या फ्लोरिनयुक्त कृत्रिम तेलात टेफ्लॉनची भुकटी घोटून केलेले ग्रीस वापरतात. टोनर वितळवण्यासाठी हीटर साधारण १८० ते २०० अंशांच्या आसपास तापतो आणि कधी त्याच्याही वर जातो. त्या तापमानाला खनिज तेलाचे साधे ग्रीस आधी उडून जाते, मग जळून काजळते. परफ्ल्युरोपॉलिईथर तिथे टिकते, त्याची वाफ फार कमी होते आणि ते सिलिकॉन रबराला फुगवत नाही. टेफ्लॉन ३२७ अंशांच्या आसपास वितळत असल्यामुळे त्याची भुकटीही घनच राहते. हे तेल पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असते, त्यामुळे ग्रॅमच्या हिशेबाने नळी भरलेली वाटली तरी आतला माल दिसायला थोडा असतो. तरीही नेमके प्रमाण त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच भरावे.

थंडीतल्या आवाजाबद्दल: ग्रीस थंड असताना घट्ट असते, म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांनाच मोटरवर सर्वांत जास्त भार येतो. तेल निघून जाऊन मागे नुसती भुकटी आणि फिल्मची झीज उरली, की फिल्म अखंड न सरकता अडकत-सुटत सरकते आणि तोच आवाज आपल्याला ऐकू येतो. कॉफीच्या रंगाचा लगदा म्हणजे बहुतांशी हेच मिश्रण होय.

जुना_मेकॅनिक यांचे उत्तर

वरील विवेचन पटण्यासारखे आहे, पण चऱ्याचे कारण ग्रीसमध्ये शोधू नये. सगळीकडे सारखी झीज असेल तर वंगण कमी पडले असे म्हणता येते. एकाच जागी वेढा घेणारा चरा असेल तर तिथे काहीतरी टोचते आहे. तो आतून आहे, म्हणजे टाचणी किंवा स्टेपलचा तुकडा हे नेहमीचे संशयित बाद झाले. हीटरच्या पृष्ठभागावरून नख आडवे फिरवून पाहा. नख अडले तर तिथे घट्ट झालेला कण तरी चिकटलेला असेल किंवा हीटरवरच्या काचेच्या थराचा टवका तरी उडालेला असेल. टवका असल्यास तो हीटर पुन्हा बसवू नका. त्या काचेखालच्या पट्टीत थेट मुख्य वीजदाब खेळतो आणि काच हेच तिचे आवरण असते. वरची फिल्म धातूची असेल तर धोका आणखी वाढतो.

फिल्मची कड एकाच टोकाला फाटत असेल तर मात्र दोन्ही बाजूंच्या दाबाच्या स्प्रिंग तपासाव्यात, कारण दाब असमान झाला की फिल्म एका बाजूला सरकते आणि टोकाच्या टोपणावर घासते. अरुंद लिफाफे सतत छापणाऱ्यांकडे दोन्ही टोके लवकर जातात. कागद जिथून जात नाही तिथली उष्णता कोणी शोषून घेत नाही, त्यामुळे तो भाग जास्त तापतो.

जुन्या, हॅलोजन दिवा आणि पोकळ ॲल्युमिनियम रोलर असलेल्या फ्यूजरमध्ये हा सगळा खेळ वेगळा असतो. तिथे झीज टोकांच्या बुशिंगमध्ये आणि कागद सोडवणाऱ्या नख्यांखाली होते. त्याची चर्चा इथे नको.

दुरुस्तीवाला_२१

दोघांचेही आभार. जुने सिलिकॉन ग्रीस पूर्ण काढण्यासाठी मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले, पण दुसऱ्या यंत्रातला मूळ लगदा त्याने विरघळतच नाही. तो खरवडून काढावा का?

उष्णचक्र

खरवडू नका. परफ्ल्युरोपॉलिईथर नेहमीच्या कोणत्याही द्रावकात विरघळत नाही, त्यासाठी फ्लोरिनयुक्त द्रावकच लागते. धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने, फिल्मला घडी पडू न देता, दोन-तीन वेळा पुसले तरी पुरते. नवे ग्रीस हीटरच्या पट्टीवर आणि तिच्या धारकाच्या कडांवर पातळ द्या. टोकांकडचा थोडा भाग कोरडा ठेवा, कारण ग्रीस फिरता फिरता तिकडे आपोआप सरकते. शेवटी फिल्मची बाहेरची बाजू आणि रोलर अल्कोहोलने पुसा; ग्रीसचा ठसा राहिला असेल तर आधी कोरड्या कापडाने उचलून घ्या.

आणखी एक सूचना, आणि ही मी आग्रहाने करतो. हे ग्रीस हाताळल्यानंतर हात धुतल्याशिवाय सिगारेट ओढू नये. फ्लोरिनयुक्त पदार्थ पेटत्या टोकाच्या तापमानाला विघटित होऊन विषारी वायू सोडतात.

दुरुस्तीवाला_२१

पहिल्या यंत्राच्या हीटरवर नख अडले. भिंगातून पाहिल्यावर काचेचा मोहरीएवढा टवका उडालेला दिसला आणि तो चऱ्याच्या नेमक्या रेषेत आहे. तो फ्यूजर बदलण्यासाठी बाजूला काढला आहे. दुसऱ्या यंत्राचा हीटर गुळगुळीत निघाला, त्याला वर सांगितल्याप्रमाणे पुसून पातळ ग्रीस दिले. आज यंत्र थंड असताना पहिल्या पानापासून आवाज आला नाही, फक्त पहिल्या दोन पानांच्या कडेला ग्रीसचा पारदर्शक डाग होता.

जुना_मेकॅनिक

डाग आला म्हणजे थोडे जास्तच झाले आहे. वीस-पंचवीस कोरी पाने फिरवून घ्या आणि दमट कागद टाळा. त्यातून निघणारी वाफही पकड सैल करते.