मदत हवी आहे: बाबांना मराठी ऑडिओबुकमधला एकही आवाज पटत नाही

रानजाई
पंधरा दिवस झाले, आता हात टेकले म्हणून इथे विचारतेय. बाबांना (वय ७९) ऐकायला मराठी पुस्तकं हवी आहेत. दोन ॲपची वर्गणी भरली, आतापर्यंत अकरा पुस्तकं लावून दिली, एकही दहा मिनिटांपुढे गेलं नाही. "बंद कर, हा वाचत नाहीये, नाटक करतोय" किंवा "ही बाई वाक्य गिळते", एवढंच म्हणतात. पुस्तकं चांगली आहेत, तक्रार फक्त आवाजांची आहे. ज्यांनी खरोखर ऐकलंय त्यांनीच सांगा की कशा प्रकारचं वाचन शोधू. ॲपची नावं सुचवू नका, सगळी पाहून झाली. कृपया लवकर सांगा.

कातळशिल्प
कादंबरी, चरित्र, कथा, नक्की काय लावलं होतंत? स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मी रोज दोन तास ऐकतो. एकच माणूस एका पुस्तकात आवडतो आणि दुसऱ्या पुस्तकात सहन होत नाही. ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्याला आवाज चढवायची सवय लागते, मग तो साधं प्रवासवर्णनही गडावरून हाक मारल्यासारखं वाचतो. अकराच्या अकरा ऐतिहासिक असतील तर चूक निवडीची आहे.

रानजाई
चार कादंबऱ्या, तीन चरित्रं, बाकी कथासंग्रह. ऐतिहासिक एकच.

पिंपळपार
ताई, ऑडिओबुकच्या नादी लागूच नका. पु. ल. देशपांडे, व. पु. काळे यांचं कथाकथन लावा. आमच्या घरी कॅसेट इतक्या वाजल्या की एकीची फीत ओढली गेली, ती मी पेन्सिलीने गुंडाळून पुन्हा लावली होती. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगावी एकत्र कथाकथन करायचे. माझ्या वडिलांनी ते पाहिलेलं, शेवटपर्यंत सांगायचे. लिहिणाऱ्यानेच सांगितलेली गोष्ट ती गोष्ट. बाकी सगळी भाड्याची तोंडं.

सांजवारा
"भाड्याची तोंडं" हे फार लागलं. मी ऑडिओबुक वाचते, तेच माझं काम आहे. उन्हाळ्यात पंखा बंद करून, कपाटाला आतून गोधड्या लावून, पेन्सिलीने श्वासाच्या खुणा केलेली पानं समोर धरून बसते. एका तासाचं रेकॉर्डिंग तयार व्हायला मला साडेतीन तास लागतात. पान उलटताना आवाज झाला की ते वाक्य पुन्हा. आणि कथाकथन म्हणजे वाचन नव्हे. तिथे समोर माणसं हसतात, लेखक त्यांच्याकडे बघून थांबतो, एखादं वाक्य गाळतो. चारशे पानांची कादंबरी तशी सांगता येत नाही.

रानजाई, बाबा "नाटक करतोय" म्हणतात तेव्हा नेमकं कुठे म्हणतात? संवाद आले की, की वर्णनातही?

पिंपळपार
सांजवारा, शब्द चुकला, मागे घेतो. मत मात्र तेच आहे.

रानजाई
बहुतेक संवादात. म्हातारीचा आवाज काढला की लगेच हात वर करतात. कथाकथन नको, पुलं त्यांना पाठ आहेत.

घाटमाथा
आम्ही दर महिन्याला पुणे ते कोल्हापूर गाडीने जातो. मुलांना मागच्या सीटवर बालकथा लावून देतो, अजिबात भांडत नाहीत. फक्त आदल्या रात्री वायफायवर उतरवून ठेवा, खंबाटकीत रेंज जाते.

कातळशिल्प
घाटमाथा, इथे ७९ वर्षांच्या गृहस्थांबद्दल चाललंय.

श्रुतीधर
मी श्रवणतज्ज्ञ आहे. दोन गोष्टी विचारते. बाबांना ऐकू कसं येतं? आणि ते ऐकतात कशावर? "वाक्य गिळते" ही तक्रार मी रोज ऐकते आणि पुष्कळदा दोष बोलणाऱ्याचा नसतो. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट पोचतात. स, श, त, क, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली, ती गळतात. माणसाला वाटतं, आवाज तर येतोय मग शब्द का कळत नाही, म्हणजे समोरचाच पुटपुटतोय. त्यात पार्श्वसंगीत असेल तर उरलेलंही झाकलं जातं.

रानजाई
अरे हो, उजव्या कानाला श्रवणयंत्र आहे, दोन वर्षं झाली. डाव्या कानाने बरं ऐकू येतं. फोन टेबलावर ठेवून ऐकतात. हे लिहायचं मला सुचलंच नाही, घरात सवय झालीये.

श्रुतीधर
मग आधी एवढं करा. संगीत नसलेलं, एकाच माणसाने वाचलेलं पुस्तक घ्या. शक्यतो खालच्या पट्टीतला आवाज. फोन टेबलावर नको, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. लहान स्पीकर डाव्या हाताला, दोन फुटांवर ठेवा. वेग ०.९ करा, त्याहून कमी केला तर शब्द ताणले जातात. आणि यंत्र वर्षभरात तपासलं नसेल तर तपासून घ्या.

अंधारयात्री
मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि माझं मत इथल्या बऱ्याच जणांना आवडणार नाही. बाबांना यंत्राचा आवाज ऐकवा. ई-पुस्तक घ्या, फोनमधला मराठी आवाज लावा. गेली कित्येक वर्षं मी असाच वाचतो, दुप्पट वेगाने. माणूस वाचतो तेव्हा पहिल्याच संवादात तो मला सांगून टाकतो की हा खलनायक आहे. तुम्ही पान उघडता तेव्हा असं कोणी कानाशी येऊन सांगत नाही ना? मग मला का सांगावं? यंत्र सपाट वाचतं, माणसं माझी मी ठरवतो.

सांजवारा
अंधारयात्री, तुमचं म्हणणं कळतं, आणि अतिअभिनय हा आमच्या क्षेत्रातला खरा दोष आहे. पण यंत्राला मराठी येत नाही. "जरा थांब" मधला जरा आणि "जरा-मरण" मधला जरा यांचे ज वेगळे. "जगात" आणि "जगतो" यांचेही वेगळे. लिहिताना अक्षर एकच, फरक तोंडात. यंत्र दोन्ही एकाच ठशात काढतं. ७९ वर्षांच्या माणसाला ते सहन होईल?

अंधारयात्री
ज चुकतो हे मान्य. दोन दिवसांत कान दुरुस्ती करून घेतो, जसा तुमचा डोळा छपाईतली चूक ओलांडून पुढे जातो.

रानजाई
इथेच सगळी गोची आहे. बाबांचा डोळा छपाईतली चूक ओलांडून जायचा नाही. छत्तीस वर्षं ते छापखान्यात मुद्रितशोधक होते.

कातळशिल्प
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं!

सांजवारा
रानजाई, प्रुफं तपासताना मूळ प्रत त्यांना कोणी मोठ्याने वाचून दाखवायचं का?

रानजाई
हो. लहानपणी शाळा सुटल्यावर मी छापखान्यात जायचे तेव्हा पाहिलंय. एक काका हस्तलिखित वाचायचे आणि बाबा प्रुफावर बोट फिरवायचे. काका एका सुरात वाचायचे, रडणं असो की लग्न असो. विरामचिन्हंसुद्धा म्हणायचे. "आई स्वल्प मी निघालो पूर्ण अवतरण बंद." शंका आली की "दीर्घ" किंवा "ऱ्हस्व" म्हणायचे आणि पुढे जायचे. मला वाटायचं सगळीच मोठी माणसं अशी वाचतात.

लिहिता लिहिता आत्ता लक्षात येतंय. "वाक्य गिळते" म्हणजे ती बाई स्वल्पविरामाला थांबत नाही. काल एका वाक्यावर ते म्हणालेच होते, "इथे अर्धविराम असणार, त्याने पूर्णविराम केला." मी शेल्फातून पुस्तक काढून पाहिलं. अर्धविरामच होता.

श्रुतीधर
म्हणजे तुमच्या बाबांचा डावा कान उत्तम आहे.

पिंपळपार
असा वाचणारा आता कुठे मिळायचा! आकाशवाणीवर असायचे. 'पुन्हा प्रपंच' आठवतं का कोणाला? मीनावहिनी, पंत, टेकाडे भावजी. सकाळी डबे भरता भरता आई ऐकायची, भावजी बोलले की पोळी तव्यावर करपायची.

कातळशिल्प
ते श्रुतिकेसारखं होतं हो, वाचन नव्हे. पण आठवण काढलीत, बरं वाटलं.

घाटमाथा
मी एक सुचवू? ताई, तुम्हीच वाचा आणि रेकॉर्ड करा. यूट्यूबवर टाका, इतरांनाही उपयोग होईल.

कातळशिल्प
टाकू नका! लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे, ते वाचून खुशाल टाका. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०३७ उजाडेल.

अंधारयात्री
कातळशिल्प, अर्धीच माहिती देताय. घाटमाथांना यूट्यूबबद्दल सांगितलंत ते बरोबर. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात, अपंगत्वामुळे छापील मजकूर वाचता न येणाऱ्या माणसासाठी पुस्तकाची ऐकता येईल अशी प्रत परवानगीशिवाय करता येते, नफ्यासाठी नसेल तर. अशाच तरतुदींचा माराकेश करार आहे आणि २०१४ मध्ये तो मंजूर करणारा पहिला देश भारत होता. हा हक्क आम्ही मागून मिळवलाय, म्हणून जिथे तिथे सांगतो. रानजाई, बाबांना मुळात दिसतं किती? त्यावर "सुगम्य पुस्तकालय"चं सदस्यत्व मिळेल का ते ठरेल. ते ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे, अशाच वाचकांसाठी.

रानजाई
पडद्याचा मधला भाग गेलाय, दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसतं, घरात नीट फिरतात, चहा स्वतः गाळतात. अक्षर मात्र अजिबात लागत नाही. सदस्यत्वासाठी कागद गोळा करते.

सांजवारा, असं वाचणारं खरंच कोणी नाही का?

सांजवारा
आहेत, पण कथा-कादंबऱ्यांत शोधू नका. वैचारिक लेखन, आत्मचरित्रं, पत्रसंग्रह यांत बघा. तिथे संवाद कमी, त्यामुळे वाचणाऱ्याला सोंग काढायला जागाच नसते. नमुना ऐकताना सुरुवात ऐकू नका, सुरुवात सगळेच जपून करतात. मधलं प्रकरण उघडा आणि एखादं लांबलचक वाक्य येईपर्यंत थांबा. चार स्वल्पविरामांचं वाक्य जो एका दमात न ओढता आणि न तोडता नेतो, तो बाबांना चालेल. मला स्वतःला हे शिकायला सहा पुस्तकं लागली. पहिल्या दोनांमध्ये मीही म्हातारीचा आवाज काढलाय.

रानजाई (सहा दिवसांनी)
कळवायला उशीर झाला, माफ करा. सांजवारांनी सांगितलं तसं मधली प्रकरणं उघडून तेरा नमुने ऐकले. एक आत्मचरित्र मिळालं. पुरुषाचा आवाज, संगीत नाही. स्पीकर डावीकडे ठेवला, वेग ०.९. बाबा पन्नास मिनिटं ऐकत बसले. बोट मांडीवर ओळीने सरकत होतं, डावीकडून उजवीकडे, मग परत डावीकडे. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, आत जाववलं नाही.

यंत्राचा आवाजही ऐकवला, अंधारयात्री. बाबा म्हणाले, "याला ज येत नाही, पण हा स्वल्पविरामाला थांबतो." आता दुपारी यंत्र आणि रात्री आत्मचरित्र असं चाललंय.

आता नवीन अडचण. त्यांना सारखं एक वाक्य मागे जायचं असतं. पंधरा सेकंद मागे नेणारं बटण काचेवर त्यांना सापडत नाही, दर वेळी मला हाक मारतात. मी सोमवारपासून दिवसभर ऑफिसला असणार. काय करू?

पिंपळपार
कॅसेटला बटण होतं. दाबलं की मागे.

अंधारयात्री
कापडी टिकली घ्या, खड्याची नको, काच ओरबाडते. ती बटणावर लावू नका, बटणाच्या अगदी खाली लावा. बोट टिकलीवर टेकवायचं आणि एक पेर वर सरकवून दाबायचं. फोन आडवा झाला की बटणाची जागा बदलते, म्हणून स्क्रीन फिरणं आधी बंद करा. फोन टेबलावर एकाच जागी राहील असा पुठ्ठ्याचा साचा करा. दोन दिवस चुकतील, चुकू द्या, धावत जाऊ नका.

रानजाई
आईच्या डबीतली मरून टिकली लावली. आज सकाळपासून एकदाही हाक आलेली नाही.