मदत हवी आहे: पंचगंगेसाठी सगळ्या धर्मांची माणसं एका घाटावर कशी आणायची?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचा. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३. आमच्या माजघरातल्या भिंतीवरची गाळाची रेघ आईनं अजून पुसू दिलेली नाही. २०२१ ला पुन्हा तेच. आणि उन्हाळ्यात याच नदीत मेलेले मासे तरंगतात.

आम्ही काही जणांनी पंचगंगा घाटावर दिवसभराचा ठिय्या ठरवलाय. लंडनमध्ये २०१९ च्या हवामान आंदोलनात पाद्री रस्त्यावर बसले, काहींना अटकही झाली. आपल्याकडं लोक पुढाऱ्यांपेक्षा बुवांचं ऐकतात, हे माझं ठाम मत. गावातले कीर्तनकार बुवा तयार आहेत, अट एकच: मांडवात कुठल्याही पक्षाचा झेंडा नको. मौलाना म्हणाले, शुक्रवार सोडून कधीही बोलवा.

अडलंय ते पुढं. जैन मुनी, भंतेजी, फादर यांच्याकडं निमंत्रण घेऊन कुणी जावं? आधी विश्वस्तांना भेटायचं का? चातुर्मासात मुनी विहार (गावोगाव पायी फिरणं) करत नाहीत, मग तारीख दिवाळीनंतरची धरावी का? ठिय्या आणि स्पीकरची परवानगी एकाच अर्जात मिळते का? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा. अर्जाचा नमुना असला तर तोही टाका.