गोधडीच्या काठाला झोळ येतोय, लवकर मदत हवी आहे

सुईदोरा:
आजीच्या इरकली लुगड्याचा काठ गोधडीला लावतेय. तीन बाजू लावून झाल्या, पण काठ बसतच नाहीये. दोनदा उसवलं. भाचीच्या रुखवतात मांडायची आहे आणि लग्न 12 दिवसांवर आलंय. काय चुकतंय?

आडवाधागा:
बसत नाही म्हणजे? काठ कमी पडून आक्रसतोय, की जास्त होऊन झोळ पडतोय? माप काय? हात की मशीन? फोटो टाका.

सुईदोरा:
शीर्षकात झोळच लिहिलंय की! अर्थातच मशीन. 60 बाय 90 इंच, काठ 3 इंची. फोटो चढत नाहीये.

जुनीपेटी:
मशीन घेतली तिथेच चुकलं. आमची आई वाकळ शिवायची ती धावदोऱ्याने, कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत येत मधोमध संपवायची. कधी झोळ बघितला नाही.

कारवारी:
हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघा. त्याही कडेपासूनच सुरू करतात आणि चार कोपऱ्यांना कापडाची छोटी फुलं लावतात. वेगळा काठ हवाच कशाला?

सुईदोरा:
काठ हवा कारण तो आजीचा आहे.

हिशोबी:
कोपरे कसे करताय? फोटोफ्रेमसारखे तिरके जोडणार असाल तर प्रत्येक पट्टी बाजूपेक्षा 6 इंच लांब लागेल. 66+66+96+96 = 324. नऊ वार म्हणजे बरोब्बर 324 इंच. शिलाईला शिल्लक शून्य! सरळ कोपरे केले तर 312 मध्ये भागेल.

जुनीपेटी:
लुगड्याला काठ दोन असतात हो.

हिशोबी:
खालचा पायाशी घासून विरलेला असतो, म्हणून धरला नाही.

आडवाधागा:
कोपरे राहू द्या, तिथवर पोचू तर देत. ताई, पट्टी मोजून कापली होती का? आणि मधलं काम चौकोनी तुकड्यांचं की त्रिकोणी?

सुईदोरा:
मोजायचं काय त्यात? काठ सलग आहे, एका टोकापासून लावत गेले आणि उरला तो कापला. तुकडे त्रिकोणी आहेत, त्याचा काय संबंध?

आडवाधागा:
सगळा संबंध तोच. त्रिकोणाची एक तरी कड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, येते. ती कड बाहेर आली की हाताळतानाच ताणते. काठ मात्र उभ्या धाग्याचा, तो ताणत नाही. तुम्ही ताणलेल्या कडेच्या मापाने काठ घातलात, त्यामुळे गोधडी मध्ये 90 आणि कडेला जास्त झाली असणार. जमिनीवर पसरा, मधोमध मोजा, मग कडा मोजा आणि इथे लिहा.

मिठागर:
काठ लाल असेल तर रंग जाईल, आधी मिठाच्या पाण्यात भिजवा.

आडवाधागा:
मिठाने रंग पक्का होत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळा धुवायचा. पण तिने ते विचारलेलंच नाही.

मिठागर:
आमच्याकडे तीन पिढ्या मीठच घालतात.

सुईदोरा:
मधोमध 90. डावीकडे 93, उजवीकडे साडेब्याण्णव. अरे देवा.

आडवाधागा:
मग उसवा. दोन्ही लांब पट्ट्या 90 च्याच कापा, वर शिलाईपुरतं सोडा. पट्टीचा मध्य आणि पाव-पाव भागावर खूण करा, गोधडीच्या कडेवरही तशाच, आणि खुणेला खूण लावून टाचण्या मारा. शिवताना ताणलेली गोधडी खाली, पट्टी वर. मशीनचे दात खालचं कापड पुढे सारतात, त्यामुळे जादाचे 2-3 इंच त्यात हळूहळू जिरतात. हाताने ओढू नका. लांब बाजू झाल्या की मग आखूड बाजूंना परत मधोमध माप घ्या, नव्या काठांसकट.

जुनीपेटी:
याला म्हणतात हातशिलाईचं काम मशीनकडून करून घेणं.

हिशोबी:
या कटिंगने 12 इंच उरतात. कोपऱ्यात चूक झाली तर कामी येतील.

सुईदोरा:
उसवायला घेतलंय. एक विचारायचं राहिलं. काठासोबत अस्तरही शिवलं गेलंय, तेही सोडवायचं ना?

आडवाधागा:
अस्तर लावून झालंय?! ताई, हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं.

सुईदोरा:
कुणी विचारलंच नाही.