लंडनची बकिंगहॅम स्ट्रीट नक्की कुठल्या ड्यूकची?

भटकंती: लंडनला चेरिंग क्रॉस स्टेशनला लागून व्हिलियर्स स्ट्रीट आहे आणि तिच्या बाजूलाच छोटीशी बकिंगहॅम स्ट्रीट. सगळे म्हणतात पॅलेसवरून नाव पडलं, पण पॅलेस तर तिथून बराच लांब आहे, मग हे नाव इथे कसं काय? कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

जुने नकाशे: पॅलेसचा काही संबंध नाही हो. तिथे यॉर्क हाउस नावाचा मोठा वाडा होता, दुसरा ड्यूक ऑफ बकिंगहॅम जॉर्ज व्हिलियर्स याचा. हा माणूस कर्जात बुडालेला, १६७२ मध्ये त्याने वाडा बिल्डर लोकांना ३० हजार पौंडांना विकला आणि अट घातली की इथे जे रस्ते काढाल त्यांना माझं नाव द्यायचं, किताबासकट, पूर्ण. म्हणून जॉर्ज स्ट्रीट, व्हिलियर्स स्ट्रीट, ड्यूक स्ट्रीट, बकिंगहॅम स्ट्रीट, आणि मधला 'ऑफ' पण सोडला नाही, त्याची ऑफ अ‍ॅली! आता ती यॉर्क प्लेस झालीय, पण पाटीवर 'पूर्वीची ऑफ अ‍ॅली' असं लिहिलेलं आहे, गेलात तर नक्की बघा.

मला यात सगळ्यात भारी हे वाटतं की हे नाव राजाने किंवा लोकांनी मानाने दिलेलं नाही, सरळ सौद्यात मागून घेतलेलं आहे. १६८७ ला तो वारला, वारस नव्हता म्हणून ड्यूकचा किताबही तिथेच संपला, गल्ल्या मात्र राहिल्या.

भटकंती: बाप रे, हे माहीतच नव्हतं! मग पॅलेसवाला बकिंगहॅम कोण?

इतिहासवेडी: तो वेगळा, जॉन शेफील्ड. त्याला १७०३ मध्ये नव्याने ड्यूक केलं, त्याच सुमारास त्याने बकिंगहॅम हाउस बांधलं, ते १७६१ ला तिसऱ्या जॉर्जने विकत घेतलं आणि त्याचाच पुढे पॅलेस झाला. व्हिलियर्स घराण्याशी या किताबाचा संबंध नाही.

जुने नकाशे: बरोबर. आणि आजच्या नकाशात तिथे ड्यूक स्ट्रीट शोधत बसू नका, ती जॉन अ‍ॅडम स्ट्रीटमध्ये गेली, जॉर्ज स्ट्रीटचंही यॉर्क बिल्डिंग्ज झालं. वाड्याचा नदीकडचा दगडी दरवाजा मात्र अजून आहे, बकिंगहॅम स्ट्रीटच्या टोकाला बागेत. पूर्वी त्याच्या पायऱ्यांना होड्या लागायच्या, पण १८६० च्या दशकात भराव घालून नदीकाठाचा बांध बांधला तेव्हापासून पाणी बरंच लांब गेलं.