कोटा म्हणजे नक्की कुठला?

आरक्षणावरच्या चर्चेत कोणीतरी म्हटलंय की ‘कोट्यातून आलेल्या डॉक्टरकडे जायची भीती वाटते’. कुठल्या कोट्यातून? सुप्रीम कोर्टाच्या २००५च्या इनामदार निकालाने खासगी कॉलेजांना १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय (अनिवासी भारतीयांसाठीच्या) जागांची मुभा दिली. तिथे फी अवाच्या सवा, त्यावर मात्र सोसायटीच्या ग्रुपवर कोणी चकार शब्द काढत नाही. २०२३मध्ये नीट-पीजीचं, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचं, पात्रता पर्सेंटाइल सगळ्याच प्रवर्गांसाठी शून्यावर आणलं, म्हणजे परीक्षेला बसलेला कोणीही पात्र, तेव्हा मेरिट कुठल्या गावाला गेलं होतं? आणि प्रवेश कसाही मिळो, एमबीबीएसला पास व्हायचे मार्क सगळ्यांना सारखेच असतात.

इथे नवी मुंबईतच बघा ना. नेरूळच्या एसी क्लासमध्ये लाखांत फी भरणारा मुलगा आणि तुर्भ्याच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत, घरातला टीव्ही बंद झाला की वही उघडणारी मुलगी. (शेजारच्यांचा मात्र चालूच असतो.) तिचे वीस मार्क कमी पडले तर ती ‘ढ’?

त्याच चर्चेतला क्रीमी लेयरचा, म्हणजे मागास प्रवर्गांतल्या सुखवस्तूंना आरक्षणातून वगळण्याचा, मुद्दा मात्र पटतो. वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा २०१७पासून तीच आहे, आणि ओबीसींसाठी त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरतच नाहीत. चांगले सुखवस्तू लोक आरामात त्यात बसतात. भांडायचंच तर त्यावर भांडू.