घेवड्याचे बी कुंडीत रुजण्याऐवजी कुजते. नेमके काय चुकते आहे?

खिडकीतली_बाग

नमस्कार. आम्ही मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि पूर्वेकडच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये माझ्या आठ कुंड्या आहेत. मिरची, पुदिना आणि अळू यांनी आजवर कधी त्रास दिला नाही. परंतु यंदा प्रथमच शेंगभाजी लावायची ठरवली आणि महिनाभरात तीनदा बी टोकूनही हाती काही लागलेले नाही. ‘श्रावण घेवडा’ या नावावरून हे पावसाळ्याचेच पीक असणार असे गृहीत धरून मी रोपवाटिकेतून पाकीट आणले, बी २४ तास पाण्यात भिजवले, १२ इंची कुंडीत साधारण दोन इंच खोल टोकले आणि माती सुकू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. आठव्या दिवशी उकरून पाहिले तेव्हा आठपैकी सहा दाणे बोटांनी चिरडतील इतके मऊ झाले होते आणि त्यांना आंबूस वास येत होता. उरलेले दोन वर आले, पण बोडके; दोन जाड दले आणि त्यांच्या मध्ये शेंडाच नाही.

मला अधिक खटकते ते असे की, बिरड्यासाठी भिजवलेल्या कडव्या वालांना आमच्या घरी दर वेळी न चुकता मोड येतात. म्हणून त्याच डब्यातले मूठभर वाल दुसऱ्या कुंडीत टोकले, तर तेही कुजले. फडक्यात रुजणारे बी मातीत का रुजू नये? कुंडीत निम्मे कोकोपीट, बाकी लाल माती आणि घरच्या ओल्या कचऱ्याचे खत आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकू नये म्हणून प्रत्येक कुंडीखाली बशी ठेवली आहे.

गच्चीवरची_माळीण

तुमच्या प्रश्नातच बरेचसे उत्तर आले आहे. बिरड्याची कृती आठवून पाहा. वाल आपण सात-आठ तास भिजवतो, मग पाणी पूर्ण निथळून टाकतो आणि दाणे फडक्यात बांधून ठेवतो. निथळायचे राहून गेले आणि वाल दिवसभर पाण्यातच राहिले, तर मोड येण्याऐवजी फेस येतो आणि तुम्ही लिहिला आहे तोच आंबूस वास सुटतो. कोरडे बी जवळजवळ झोपलेले असते. पाणी आत शिरले की त्याचे श्वसन एकदम वाढते आणि त्याला प्राणवायू लागतो. फडक्याच्या पुरचुंडीत ओल आणि हवा दोन्ही असतात. शेतकरी जमिनीच्या याच अवस्थेला वाफसा म्हणतात आणि वाफसा आल्याशिवाय पेरणीला हात घालत नाहीत. तुमच्या कुंडीत निम्मे कोकोपीट, खाली पाण्याने भरलेली बशी, दिवसातून दोनदा पाणी आणि वर जुलैचे आभाळ असताना वाफसा येणार कुठून? या एका महिन्यात सांताक्रूझला सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा झारी या दिवसांत खुंटीला टांगून ठेवलेली बरी.

२४ तास भिजवणे हेही बियाण्याला मानवलेले नाही. घेवड्याचा दाणा जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके पाणी पितो. दाणा खूप सुका असेल आणि पाणी फार वेगाने आत शिरले, तर पेशींची आवरणे सावरण्यापूर्वीच आतल्या साखरा बाहेर झिरपतात आणि त्या साखरेवर मातीतली पिथियमसारखी बुरशी जमा होते. तुम्हाला दिसला तो कुजलेला दाणा. त्याचे मरण मात्र आधीच, भांड्यात सुरू झाले असावे. तुमचे घरचे खत पूर्ण मुरलेले नसेल, तर त्या बुरशीला आयतेच खाद्य मिळाले असेल. हातात घेतल्यावर भाजीची साले ओळखू येत असतील, तर ते खत अजून तयार नाही असे समजावे.

खोलीबद्दल थोडे सविस्तर लिहिते. घेवडा, चवळी आणि वाल यांची दले वाटाण्यासारखी मातीत राहत नाहीत. देठ आधी वाकतो, त्या वाकलेल्या मानेने माती वर ढकलतो आणि मागून दोन्ही दलांना ओढून बाहेर आणतो. दोन इंच ओल्या, बसलेल्या लाल मातीखालून एवढे ओझे उचलताना मान मोडते किंवा दाण्यातला साठा वाटेतच संपतो. बोटाचे एक पेर, म्हणजे सुमारे अडीच सेंटीमीटर खोली पुरते. पावसात त्याहूनही किंचित कमी चालेल. दाण्याचा डोळा खाली येईल असे टोकावे, कारण मूळ त्याच्या जवळूनच निघते. (आपण ज्याला मोड म्हणून आवडीने खातो, ते खरे तर हे मूळच असते.) बोडक्या रोपांचे कारण बहुधा बियाण्यातच असेल. मळणीत किंवा हाताळणीत दाण्याला मार बसला की आतला नाजूक शेंडा तुटतो आणि बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. अशा रोपांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

बशी काढता येत नसेल, तर तिच्यात विटेचे तीन तुकडे ठेवून कुंडी त्यांवर बसवावी आणि साचलेले पाणी रोज ओतून टाकावे. कोकोपीट निम्म्यावरून पाव हिश्श्यावर आणून त्या जागी भाताचे तूस किंवा विटेचा जाड चुरा मिसळावा. चौपाटीवरची वाळू मात्र आणू नये; तिच्यातले मीठ कोवळ्या मुळांना सोसत नाही.

अष्टागरकर

माळीणताईंचे बाकी सर्व मान्य आहे, परंतु मातीत टोकायचे बी भिजवावेच कशाला, असा माझा प्रश्न आहे. आमच्या अलिबागकडे भात कापल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. ते कोणी भिजवत नाही आणि बहुतेक वेळा वरून पाणीही देत नाही. थंडीत त्याच वालांच्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावतात. ओल्या मातीतला दाणा सावकाश पाणी पितो, त्यामुळे वर सांगितलेली इजा टळते. चौधारी घेवड्यासारख्या कठीण सालीच्या बियांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची साल काचपेपरवर जराशी घासून मगच भिजवावी लागते.

दुसरा मुद्दा नावाचा. श्रावण घेवडा, म्हणजेच फरसबी, श्रावणात पिकते ती साताऱ्याकडे, जिथे पावसाळा थंड असतो आणि पाणी शेतातून वाहून जाते. कोरेगावच्या ज्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, तोही याच कुळातला आणि त्याच हवेतला. मुंबईचा पावसाळा दमट आणि उबदार असतो, त्यामुळे येथे ही फरसबी एकदाची रुजली तरी रोगाने बेजार होते आणि ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात फुले गाळते. मी दिवाळीच्या सुमारास ‘अर्का कोमल’ हे बुटके वाण लावतो आणि ते बहुधा आठवड्याच्या आत उगवते. आत्ता काही लावायचेच असेल तर चवळी लावावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘कोकण सदाबहार’ हे वाण आपल्या हवेला सरावलेले आहे.

पार्ल्याची_बाल्कनी

कबुतरांना कोणीच कसे हिशेबात धरले नाही? माझी चवळी चौथ्या दिवशी उत्तम वर आली आणि पाचव्या दिवशी सकाळी सर्व रोपांची दले साफ खुडलेली होती. उगवण बिघडली असे समजून मी दोन वर्षे पाकिटे बदलत राहिले. आता खरी पाने फुटेपर्यंत कुंडीवर भाजीची जाळीदार टोपली पालथी घालून वर दगड ठेवते.

खिडकीतली_बाग

सर्वांचे मनापासून आभार. पुन्हा टोकण्यापूर्वी, घाई न करता दोन्ही बियाण्यांचे दहा-दहा दाणे ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवले. सहाव्या दिवशी वालांपैकी नऊ रुजले होते आणि पाकिटातल्या घेवड्यापैकी केवळ चार. पाकीट निरखून पाहिले तेव्हा त्यावरील तपासणीची तारीख दीड वर्षापूर्वीची निघाली. आणखी एक सांगायचे राहिले: पहिल्यांदा बी भिजवले तेव्हा पाणी गुलाबी झाले होते. तो बियांचाच रंग असावा, असे मला वाटले.

गच्चीवरची_माळीण

तो रंग बियांचा नव्हे, त्यांना चोळलेल्या बुरशीनाशकाचा होता. बहुधा थायरमसारखे औषध असते आणि ते विष आहे हे लक्षात यावे म्हणूनच बी रंगवतात. भिजवून तुम्ही ते संरक्षण धुऊन टाकलेत. स्वयंपाकाच्या भांड्यात भिजवले असेल तर ते भांडे आता बागेसाठीच ठेवावे. अष्टागरकरांचे म्हणणे अशा बियांच्या बाबतीत मला पूर्ण पटते: रंगीत बी कोरडेच टोकावे आणि नंतर हात धुवावेत.

दहात चार ही उगवण कमी आहे. दुप्पट दाणे टोकून संख्या भरून काढता येईल, पण जुन्या बियाण्यातून येणारी रोपेही अशक्त असतात, म्हणून ते पाकीट सोडून द्यावे. मुंबईच्या दमट हवेत उघडे पाकीट झपाट्याने म्हातारे होते. उरलेले बी घट्ट झाकणाच्या बरणीत, तव्यावर कोरडे भाजून थंड केलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसह फ्रिजमध्ये ठेवले, तर पुढच्या वर्षीही उपयोगी पडते. ऑक्टोबरात नवे पाकीट घेताना तपासणीची तारीख आणि उगवणीची टक्केवारी दुकानातच वाचून घ्यावी.

खिडकीतली_बाग

फडक्यातल्या वालांपैकी ज्यांचे मूळ जेमतेम डोकावत होते असे चार दाणे मूळ खाली करून एक पेर खोल लावले आणि शेजारच्या कुंडीत चवळी कोरडीच टोकली. बशीत विटेचे तुकडे आहेत. गेल्या चार दिवसांत पाणी एकदाही घातलेले नाही. आज सकाळी वालांच्या तीन वाकलेल्या माना मातीबाहेर आल्या आहेत आणि त्यांच्यावर टोपली पालथी घातली आहे. या वेलांना शेंगा साधारण कधी धरतील?

अष्टागरकर

घाई करू नका. आपले जुने वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. आत्ता लावलेला वेल ऑक्टोबरपर्यंत नुसता पानांनी माजेल आणि पूर्ण ग्रिल व्यापेल; तो वांझ आहे असे समजून सप्टेंबरात उपटू नका. दोन महिने त्याला सुतळीवर चढू द्या आणि शेणखताचा हात आखडता ठेवा, नाहीतर पानेच वाढत राहतील.